मार्नेफांच्या दुनळीखालची पाटी

बोदसों घराण्यात वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या भावाला, लुसियँला, घर मिळालं, मधल्या बहिणीला चिनी मातीची भांडी मिळाली, आणि धाकट्या ओदीलला राग मिळाला. तिने तो आनंदाने घेतला. घराला दर दहा वर्षांनी कौलं बदलावी लागली, भांडी एकेक करून फुटली, पण ओदीलबाईंच्या वाट्याला आलेली वस्तू मात्र वापरून वापरून झळाळतच गेली. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीही ती जशीच्या तशी होती. धार तर उलट वाढलेली.

हा राग होता मार्नेफ घराण्यावर, आणि तो १९०५ सालचा होता.

ओदीलबाईंचे आजोबा ह्युबेर बोदसों हे लिएज शहराजवळच्या हेर्स्तालमधले नक्षीकार. बंदुकीच्या पोलादावर कोरणीने पानं, कुत्री, तितर कोरायचे. त्या काळी आमच्याकडे एक बंदूक एका छपराखाली तयार होत नसे. नळ्या दरीतल्या वरच्या गावांतून यायच्या, घोडे आणि चाप एका गल्लीत, लाकडी दस्ता दुसऱ्या गल्लीत. आणि पाठीवर टोपल्या बांधलेल्या बाया ती अर्धीमुर्धी बंदूक या घरातून त्या घरात नेऊन पोचवायच्या. प्रत्येक कारागिराला आपला तुकडा तेवढा ठाऊक, बाकीची बंदूक म्हणजे शेजाऱ्याची सून. मालक शेवटी सगळं जोडायचा आणि वर स्वतःचं नाव घालायचा. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. कोंबडी अंडं घालते आणि बाजारात नाव शेतकरणीचं होतं, तसंच हे.

लिएजला जागतिक प्रदर्शन भरणार असं ठरलं तेव्हा बंदुकांचा कारखानदार तेओफील मार्नेफने ह्युबेरला बोलावून घेतलं आणि अशी दुनळी बंदूक कोरून दे म्हणाला, की पॅरिसवाल्यांनी काचेला नाक लावून उभं राहावं. ह्युबेर चौदा महिने स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसला. त्या काळात त्या घरात सूप ढवळायलासुद्धा कुणी जोरात ढवळलं नाही. सात तितर, दोन कुत्री, ओकची पानं, आणि पानांच्या मागे इतकं बारीक जाळं की ते बघून बायकोला वाटलं, नवऱ्याचे डोळे आता गेलेच.

प्रदर्शन उघडलं. ह्युबेर रविवारचा कोट घालून, बायकोला घेऊन, एकेक फ्रँकचं तिकीट काढून आत गेला. शस्त्रांच्या दालनात बंदुका सूर्यकिरणांसारख्या गोल मांडलेल्या, आणि मधोमध काचेच्या कपाटात त्याची दुनळी. खाली पाटी : सुवर्णपदक, तेओफील मार्नेफ. इथपर्यंत ठीक होतं. पण त्या प्रदर्शनांत आणखी एक पदक असायचं, हाताने काम करणाऱ्या सहकाऱ्याचं. कुणाला द्यायचं ते मालकाने कळवायचं. ती दुसरी, छोटी पाटी शेजारीच होती आणि तिच्यावर नाव होतं एव्हरारचं. एव्हरार म्हणजे मार्नेफचा जावई. तो कारखान्यात पत्रव्यवहार सांभाळायचा आणि टाकाच्या निबापेक्षा टोकदार वस्तू त्याने जन्मात हातात धरली नव्हती.

ह्युबेरने बोटाच्या पेराने काचेवर टकटक केलं. मग जरा जोरात केलं. मग रखवालदाराने त्याला कॉलरला धरून बाहेर काढलं, आणि गर्दीत बायकोची टोपी गेली. त्या दिवशी पुलावर उभं राहून त्याने शपथ घेतली, की मार्नेफच्या लोखंडाला पुन्हा माझी कोरणी लागणार नाही.

ही कथा दर नव्या वर्षाच्या दिवशी, वॅफल आणि पेके, म्हणजे आमच्याकडची जिन, यांच्या मधल्या वेळात, सगळ्या नातवंडांना बसवून सांगितली जायची. इतर नातवंडं वॅफलकडे बघत. ओदील आजोबांकडे बघे. ती नऊ वर्षांची झाल्यावर आजोबांनी तिच्या हातात कोरणी दिली, समोर तांब्याचा पत्रा ठेवला आणि म्हणाले, “हे मार्नेफचं नाक समज. आता काढ रेघ, सरळ.” बाईंची रेघ आयुष्यभर सरळ आली ती यामुळे.

पुढे ओदीलबाईंनी एका मोठ्या कारखान्याच्या नक्षीखात्यात अडतीस वर्षं काढली. दिवसा कोरीवकाम आणि सुट्टीच्या दिवशी सूड, असा त्यांचा नेम होता. सूड म्हणजे संशोधन. जिथे जिथे जागतिक प्रदर्शनं भरली होती तिथल्या बंदुकांच्या मांडणीची माहिती त्या गोळा करत. व्हिएन्ना, फिलाडेल्फिया, अँटवर्प, पॅरिस. कुठल्या दालनात, कितव्या रांगेत, कुणाचं कपाट, त्यात किती बंदुका, पंख्यासारख्या मांडल्या होत्या की गुलाबासारख्या, परीक्षकांनी काय लिहिलं, पदक कुणाला गेलं आणि खरं कुणाला जायला हवं होतं. ही सगळी टिपणं बिस्किटांच्या चौतीस पत्र्याच्या डब्यांत होती. लिएजच्या ग्रंथालयात बाई दारातून आत आल्या, की वाचनकक्षातली मुलगी टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखं करून वाकायची. त्यांना फिलाडेल्फियाच्या १८७६ सालच्या दालनात डोळे बांधून सोडलं असतं तरी त्या नीट चालल्या असत्या; स्वतःच्या घरात मात्र चष्मा कुठे ठेवलाय ते त्यांना कधी सापडलं नाही.

लग्न जमायची वेळही आली होती. ट्रामचा एक कंडक्टर, विधुर, सज्जन माणूस, त्यांना एका रविवारी ब्रसेल्सला फिरायला घेऊन गेला. बाईंनी त्याला बागेत उभं करून १८९७ च्या प्रदर्शनात हेर्स्तालवाल्यांची कपाटं कुठून कुठपर्यंत होती ते पावलांनी मोजून दाखवलं. ते संपलं तेव्हा तो आधीच्या गाडीने परत गेला होता.

संशोधनाच्या एकविसाव्या वर्षी फळ आलं. १९०५ च्या परीक्षकांच्या अहवालाची पुरवणी सापडली आणि तिच्यात, अगदी छापील अक्षरात, सहकाऱ्यांच्या पदकांच्या यादीत ‘एव्हरार, मार्नेफ यांजकडील’ असं होतं. म्हणजे आजोबा खरं बोलत होते. बाईंनी ती ओळ तीनदा हाताने उतरवून घेतली, घरी येऊन पेकेचे दोन छोटे पेले घेतले आणि दुपारी तीन वाजता, खुर्चीत बसल्या बसल्या, कित्येक वर्षांत लागली नव्हती तशी झोप काढली. त्याच वर्षी त्या कपाटाचा एक जुना फोटोही मिळाला. काचेवर उजेड पडलेला, धूसर, पण भिंगातून सात तितर मोजता येत होते.

आता एकच गोष्ट राहिली होती. ती दुनळी ह्युबेर बोदसोंनेच कोरली याचा पुरावा.

तो पुरावाही आजोबांनी सांगून ठेवला होता. आमच्याकडे प्रत्येक कारागीर नळ्यांच्या खालच्या बाजूला, जो भाग बंदूक जोडल्यावर झाकला जातो तिथे, आपली आद्याक्षरं ठोकायचा. मालक तिकडे काणाडोळा करत, कारण काम बिघडलं तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळायचं. पण प्रदर्शनाच्या बंदुकीवर मार्नेफने कुणालाही खूण करू दिली नव्हती. “आणि तरीही मी केली,” आजोबा म्हणायचे. म्हणजे बंदूक उघडली की झालं. पण बंदूक होती मार्नेफांच्या तिजोरीत. बाईंनी त्यांना एकूण अकरा पत्रं पाठवली. पहिल्या दहांना उत्तर आलं नाही. अकराव्याला आलं, कारण तोवर जुने मार्नेफ वारले होते, कारखाना कधीच बंद झाला होता, आणि पणतू आर्नो मार्नेफ विम्याच्या पॉलिस्या विकत होता. त्याने लिहिलं होतं, की बंदूक घराण्याची ठेव आहे, उघडता येणार नाही, पण आपल्या अभ्यासाला शुभेच्छा. सोबत एक रंगीत फोटो होता.

बाईंनी शुभेच्छा फाडल्या आणि फोटो ठेवून घेतला. त्यात तितर सहाच दिसत होते. त्यांनी डब्यातल्या कार्डावर लिहिलं : ‘सातवा तितर कॅमेऱ्याच्या उजेडात गेला.’

दोन हजार पाच साल उजाडलं. प्रदर्शनाला शंभर वर्षं झाली म्हणून हेर्स्तालच्या नगरपालिकेने एक छोटं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. समितीचा अध्यक्ष आर्नो मार्नेफ. आणि एका मंगळवारी हा आर्नो तांदळाची टार्ट घेऊन ओदीलबाईंच्या दारात उभा राहिला. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, पायपुसण्याला तीन-तीनदा पाय पुसणारा माणूस. शत्रू सज्जन निघाला की सूड घेणाऱ्याची फार पंचाईत होते. बाईंनी त्याला कॉफी दिली, पण साखर विचारली नाही.

आर्नोने सांगितलं, की जुन्या प्रदर्शनांतल्या मांडणीची माहिती असलेलं माणूस सबंध प्रांतात एकच आहे असं त्याला ग्रंथालयातल्या मुलीने सांगितलं. पुस्तिका बाईंनी लिहावी. आणि त्यांच्या घराण्याची सुवर्णपदकाची दुनळी पहिल्यांदाच लोकांसमोर येणार आहे.

“लिहीन,” ओदीलबाई म्हणाल्या. “पण उद्‌घाटनाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, ती बंदूक उघडायची. नळ्या काढून खालची बाजू दाखवायची.”

“खाली काय आहे, मादमोझेल?”

“एकतर काही नाही, किंवा माझे आजोबा.”

आर्नोने टार्टचा तुकडा खाली ठेवला. विमा विकणाऱ्याला धोका कळतो. पण पुस्तिकेची छपाई तोंडावर आली होती आणि तो मुळात चांगला माणूस होता. त्याने होकार दिला, वर म्हणाला, की तसं काही निघालं तर त्याला आनंदच वाटेल. हे ऐकून बाईंचा आठवडा खराब गेला. आनंद होऊन चालणार नव्हतं. सुडाला समोरचा चेहरा पडलेला लागतो.

नळ्या काढायला माणूस हवा होता. बाईंचा शेजारी नोएल ग्रिझार हा चव्वेचाळीस वर्षं नळ्या घासलेला, चौऱ्याहत्तरीचा म्हातारा. दोघं एकाच गल्लीत वाढलेली, एकाच शाळेतून हाकललेली. नळीवाले आणि नक्षीवाले यांच्यात आमच्याकडे सासू-सुनेचं नातं असतं. नळीवाले म्हणतात, नक्षी म्हणजे बंदुकीची पावडर-लाली. नक्षीवाले म्हणतात, नळी म्हणजे पन्हाळीचा पाइप. नक्षीवाला कधी नळीच्या पोटाकडे बघत नाही आणि नळीवाल्याला तितर आणि कोंबडी यांतला फरक कळत नाही. नोएलनेही यायचं कबूल केलं, पण टोमणा मारल्याशिवाय नाही. “अडतीस वर्षं तू बंदुकीचं तोंड बघत बसलीस, ओदील. शेवटी तिचं ढुंगण बघायला मलाच बोलावलंस ना?”

बाई आरशासमोर भाषणाचा सराव करत होत्या. भाषणात आजोबांची चौदा महिन्यांची खिडकी होती, रखवालदार होता, आजीची टोपी होती, आणि शेवटी ‘एव्हरार’ हे नाव होतं, जे उच्चारून झाल्यावर त्या आर्नोच्या तोंडाकडे वळून पाच अंक मोजेपर्यंत बघणार होत्या. पाच का, तर आधी दहा मोजले होते, पण तेवढ्यात त्यांनाच पापणी मिटावी लागत होती.

शनिवारी सकाळी अकरा वाजता नगरपालिकेचं सभागृह भरलं. वाइन, मांसाचे गोळे, छोट्या ताटल्या. नगराध्यक्षांच्या गळ्यात पट्टा. लुसियँ आपल्या बायकोसह पहिल्या रांगेत, कारण दुसऱ्या दिवशी रविवारचं जेवण त्याच्याकडे होतं आणि बहिणीला नाराज करून चालणार नव्हतं. मधोमध काचेचं कपाट, त्यात दुनळी, आणि खाली पाटी : सुवर्णपदक, लिएज १९०५, मार्नेफ आणि पुत्र.

ती दुनळी बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तीन हातांवरून पाहिली आणि आधी कुत्र्यांचे डोळे शोधले. कुत्र्याच्या खालच्या पापणीची रेघ अर्धवट सोडायची, म्हणजे नजर ओली वाटते, ही आजोबांची युक्ती. दोन्ही कुत्र्यांच्या नजरा ओल्या होत्या. हा हात ओळखायला त्यांना भिंग लागलं नसतं, चष्माही लागला नसता, आणि खरंच त्या तो घरी विसरून आल्या होत्या.

नोएलने पांढरे हातमोजे घातले, दस्त्याचा पुढचा भाग सोडवला, नळ्या अलगद उचलून आडव्या मखमलीवर ठेवल्या. बाईंनी भिंग घेतलं आणि खाली वाकल्या. दोन अक्षरं. ह. ब. रोमन लिपीत, जरा तिरकी, घाईने ठोकलेली.

त्यांनी ती मोठ्याने वाचली. मग उभ्या राहून भाषण केलं, आणि ते आरशासमोर झालं होतं त्यापेक्षाही चांगलं झालं. एव्हरारचं नाव आलं तेव्हा लोकांत कुजबुज झाली. टोपीच्या वेळी नगराध्यक्षांनी नाक शिंकरलं. बाई वळल्या, आर्नोच्या तोंडाकडे बघितलं आणि मोजायला लागल्या. तीनपर्यंत पोचल्या असतील, तोच आर्नो पुढे आला, त्याने त्यांचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की आमच्या घराण्याने अन्याय केला, मी माफी मागतो, आजच्या आज पाटी बदलतो : सुवर्णपदक १९०५, नक्षी ह्युबेर बोदसों. टाळ्या पडल्या. फोटोवाल्याला त्याने हाक मारली. बोदसों आणि मार्नेफ, शंभर वर्षांनी एकत्र.

बाईंना इतकी वर्षं जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि तोंडाला जराही चव नव्हती. माफी मागून मोकळा झालेला शत्रू म्हणजे मिठाशिवायचं सूप.

नोएल अजून नळ्यांवर वाकलेला होता. तो सरळ झाला, बाईंच्या कानाशी आला आणि ओठ न हलवता बोलायला लागला.

“ओदील, हसत राहा. त्या दोन अक्षरांच्या बोटभर खाली तपासणीचा शिक्का आहे, बघितलास?”

“तो प्रत्येक नळीवर असतो.”

“असतो. त्याच्या शेजारी एक बारकं अक्षर पण आहे. एच. वर्षाचं अक्षर गं. बावीस साली सुरू झालं, ए पासून. तुमच्या नक्षीवाल्यांना कधी दिसलं नाही, आमच्या पोरांना पाळण्यात शिकवतात. मोज.”

बाईंनी पर्सच्या आड बोटं मोजली. ए बावीस, बी तेवीस. आठव्या बोटावर एकोणतीस आलं.

१९२९.

मग त्यांनी दुनळीकडे पुन्हा पाहिलं आणि या वेळी तितर मोजले. सहा. सातवा कुठल्याच उजेडात गेला नव्हता. तो कोरायचा कंटाळा केला होता, एकोणसाठ वर्षांच्या, चष्मा लागलेल्या, पाठ दुखणाऱ्या एका माणसाने. पानांमागचं जाळंही विरळ होतं. पण पापणी तीच होती, हात तोच होता, आणि खाली ठोकलेली आद्याक्षरंही त्याचीच.

तीस साली लिएजला दुसरं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याची सगळी माहिती बाईंच्या सव्विसाव्या डब्यात होती. त्या वेळी मार्नेफांना जुन्या सुवर्णपदकाची बंदूक कपाटात मिरवायची असणार, आणि खरी गेली असणार चौदा सालच्या लढाईत, जेव्हा जर्मनांनी गावागावातून बंदुका गोळा केल्या. म्हणून नक्कल. आणि ती नक्कल करून देऊ शकणारा माणूस सबंध हेर्स्तालमध्ये एकच होता, तो, ज्याने पुलावर शपथ घेतली होती.

एकोणतीस साली आजोबांनी घर घेतलं होतं. तेच, ज्यात लुसियँ राहतो. पैसे कुठून आले, तर कबुतरांच्या शर्यतीत त्यांचं कबूतर बार्सिलोनाहून पहिलं आलं आणि मोठं बक्षीस मिळालं, असं घरात सांगितलं जायचं. त्या कबुतराची तसबीर जेवणाच्या खोलीत होती. लहानपणी ओदील तिच्याखालून जाताना मान झुकवायची.

आणि हाच माणूस त्यानंतर वीस वर्षं, दर नव्या वर्षाला, मार्नेफच्या पैशाने घेतलेल्या घरात चुलीपाशी बसून, नऊ वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत डोळे घालून, मार्नेफचं नाक कोरायला शिकवत होता. तिचं लग्न गेलं, तिच्या सुट्ट्या गेल्या, तिचे डोळे गेले. तो मात्र रात्री निवांत झोपत असणार, सहा तितर कोरून.

ओदीलबाईंच्या समोर दोन वाटा होत्या. गप्प बसलं तर आजोबांचं नाव आणि सोन्याचं पदक, दोन्ही एका पाटीवर येणार होतं. आर्नोही खूश राहणार होता. एकाच लबाडीवर दोन घराणी हातात हात घालून फोटो काढणार होती. फोटोवाला म्हणत होता, जरा जवळ या. आर्नोचा हात बाईंच्या खांद्यावर आला.

बाईंना वाटणी नको होती.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “माझं संपलेलं नाही. ही बंदूक पाच सालची नाही. नळीवर एकोणतीसचं अक्षर आहे, ज्याला शंका असेल त्याने नोएलला विचारावं. हिला कसलंही पदक मिळालेलं नाही. तीस सालच्या प्रदर्शनात लोकांना फसवायला मार्नेफांनी ही नक्कल करवून घेतली. आणि ती करून दिली माझ्या आजोबांनी, ज्यांनी मार्नेफच्या लोखंडाला हात न लावायची शपथ घेतली होती आणि मरेपर्यंत आम्हाला ती ऐकवली. एकाने मागितली, दुसऱ्याने दिली. दोघेही खोटारडे. पाटीवर दोघांचीही नावं घाला.”

सभागृहात कुणाच्या तरी ताटलीतला मांसाचा गोळा घरंगळून खाली पडला. आर्नोचा चेहरा हळूहळू, कपाळापासून खाली, असा उतरला, की बाईंनी सावकाश दहापर्यंत मोजलं आणि एकदाही पापणी मिटली नाही.

“मादमोझेल,” तो म्हणाला, “ते तुमचे स्वतःचे आजोबा होते.”

“माझेच. म्हणून तर इतकी वर्षं लागली.”

लुसियँ उठला, बायकोचा कोट तिच्या खांद्यावर टाकला आणि बहिणीजवळून जाताना थांबला. उद्या जेवायला येऊ नकोस, म्हणाला. आणि परवाही नको. एकोणतीस म्हणालीस तेव्हा तुझ्या मनात आमचं घर आणि ते कबूतर होतं, ते मला कळलंय. ओदीलबाई म्हणाल्या, की कबूतर बिचारं निर्दोष आहे, ते बहुधा बार्सिलोनाला कधी गेलंच नाही.

नोएल त्यांना घरापर्यंत सोडायला आला. कोपऱ्यावर म्हणाला, “अगं, मी तुला कानात सांगितलं होतं.”

“ऐकलं की कानाने.”

“कानात सांगतात ते गप्प बसण्यासाठी, बये.”

चार दिवसांनी आर्नो पुन्हा दारात उभा राहिला. या वेळी टार्ट नव्हती आणि त्याने पाय एकदाच पुसले. त्याने पोटमाळ्यावरची खोकी उपसली होती आणि त्यात एक पत्र निघालं होतं, जून १९२९, ह्युबेर बोदसोंच्या हाताचं. आर्नोने ते टेबलावर ठेवलं. आजोबांनी लिहिलं होतं, की काम करून देतो, पण दोन अटी : गावात कुणाला कळता कामा नये, आणि बायकोला तर मुळीच नाही. खाली आणखी एक ओळ होती. ‘माझी खूण या वेळी मी करणार, आणि तुम्ही ती करू द्याल.’

बाईंनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. १९०५ च्या बंदुकीवर खूण होती की नाही ते आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. पण ‘या वेळी’ असं लिहिणाऱ्याने त्या वेळी केली नसावी.

“हे मी कपाटात लावू शकलो असतो,” आर्नो म्हणाला. “नाही लावलं. तुम्ही माझ्या घराण्याचं नाक कापलंत, पण मी म्हाताऱ्या माणसाची गुपितं चव्हाट्यावर नाही मांडत. एकच विनंती करतो. पाटीवर वर्ष बदलू, नाव घालू, सगळं करू. फक्त ‘नक्कल’ हा शब्द नको. माझ्या पणजोबांसाठी नको, आणि तुमच्या आजोबांसाठीही नको. दोघंही गेले हो आता.”

ओदीलबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. आर्नोला वाटलं, बाई विरघळल्या. नवशिक्यांना तसं वाटतं.

“पत्र लावा,” त्या म्हणाल्या. “बंदुकीच्या शेजारी. आणि शब्द राहू दे.”

“का, पण?”

“कारण माझ्याशी ते दोघंही खोटं बोलले, मार्नेफसाहेब. तुमच्या पणजोबांनी निदान ते माझ्या तोंडावर सांगितलं नाही.” मग त्यांनी कपाटातून साखरेचं भांडं काढलं आणि त्याच्या कॉफीत न विचारता दोन चमचे घातले.

पाटी पुढच्या सोमवारी बदलली. नोएल ती वाचून आला आणि म्हणाला, शुद्ध आहे, तुझ्या आजोबांचं नाव मार्नेफांच्या नावाएवढ्याच अक्षरात आहे, फुटपट्टी लावून बघितलं. पण बाईंना ऐकीव माहितीवर विश्वास ठेवायची सवय नव्हती. त्या स्वतः गेल्या, आणि मग रोजच जायला लागल्या. नगरपालिकेच्या बाईने त्यांना कपाटाशेजारी एक खुर्ची दिली, कारण नाही दिली असती तर त्या घरून घेऊन आल्या असत्या. कुणी समोर थांबलं की बाई पुलावरच्या शपथेपासून सुरुवात करत आणि एकोणतीस सालाशी येऊन थांबत. मध्ये टोपी असे. आजीचं त्यांनी कधीच काही वगळलं नाही. लोक हसत, काही हळहळत. लुसियँची सून एकदा गुपचूप येऊन ऐकून गेली, आणि जाताना म्हणाली, की कबुतराची तसबीर अजून भिंतीवरच आहे, मामंजी उतरवू देत नाहीत.

प्रदर्शन सहा आठवडे चाललं. दारं उघडायच्या आधी ओदीलबाई पर्समधून रुमाल काढून काचेवर फुंकर मारत आणि पाटीसमोरचा भाग नीट पुसून घेत. पाटीवर लिहिलं होतं : दुनळी बंदूक, हेर्स्ताल, १९२९. मार्नेफ आणि पुत्र यांच्यासाठी. नक्षी : ह्युबेर बोदसों. आणि त्याखाली, वेगळ्या ओळीवर : नक्कल. शेवटच्या शब्दावर रुमाल जरा जास्त वेळ फिरायचा.